भिडेखातर इंग्रजी

मी इंग्रजी शिकायला लागलो ते केवळ गोड बोलायच्या सवयीमुळे. त्या दिवशी तोंड मिटून बसलो असतो तर एकोणीस वर्षे वाचली असती.

झाले ते असे. त्सुबामे गावात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर माझे शिक्के कोरायचे दुकान आहे; आमच्याकडे सहीऐवजी नावाचा शिक्का मारतात. दुकानावरची खोली तेव्हा रिकामी होती, ती तोगाशीबाईंनी भाड्याने घेतली. नव्या जागेत आलेला माणूस शेजारीपाजारी टॉवेल वाटून ओळख करून घेतो, तशा त्या टॉवेल घेऊन दुकानात आल्या. खाली वाकून म्हणाल्या, "वरती इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढतेय. थोडी गडबड होईल, सांभाळून घ्या."

अशा वेळी जे म्हणायचे असते ते मी म्हणालो. "अरे वा, इंग्रजी! मला तर कधीपासून शिकायचंय. सवड काढून एकदा नक्की येईन."

आमच्याकडे या वाक्याचा अर्थ 'बरं, या आता' एवढाच होतो. शाळेत न जाणाऱ्या पोरालाही तो कळतो. बाईंना कळला नाही. गुरुवारी संध्याकाळी साडेपाच वाजता त्या जिना उतरून खाली आल्या आणि दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या.

"सुगिमोरी-सान, चला. तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवलीय."

माझी बायको फुमिए आतून सगळे ऐकत होती. मी चष्मा शोधायला आत गेलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, कोपऱ्यावर सख्खा चुलतभाऊ भेटला तर तुमच्या तोंडातून शब्द फुटत नाही. इंग्रजीत कुणाशी बोलणार आहात?"

"एकदा जाऊन येतो," मी म्हणालो. "मग काहीतरी कारण काढून सोडून देऊ."

हे बोलून मला एकोणीस वर्षे झाली.

बाईंचा दोष नव्हता, असे आता म्हणावे लागते. त्या इथल्याच. त्यांचे वडील पळ्या आणि डाव ठोकून बनवायचे. पण तेविसाव्या वर्षी बाई ऑस्ट्रेलियात ॲडलेडला गेल्या आणि तिथे मॉरीन नावाच्या एका बाईच्या रोपवाटिकेत कामाला राहिल्या. वीस वर्षे राहिल्या. आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आल्या, आईचे सगळे केले, आणि आई गेल्यावर आमच्या डोक्यावर वर्ग काढला. वीस वर्षांत त्यांचे इंग्रजी उत्तम झाले होते, झाडांचे ज्ञान त्याहून उत्तम झाले होते, पण आपल्या माणसांचे बोलणे कसे ऐकायचे हे त्या साफ विसरल्या होत्या. समोरचा माणूस जे बोलतो तेच त्याच्या मनात असते, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

घर बदलले की लोक छापील कार्डे पाठवतात. खाली ओळ असते, 'या बाजूला आलात तर अवश्य यावे.' ती ओळ छापखानाच घालतो, आपण वाचतही नाही. बाईंना त्यांच्या शाळेतल्या एका मैत्रिणीचे असे कार्ड आले. पुढच्या रविवारी बाई तांदळाच्या हिरव्या लाडवांचा पुडा घेऊन सकाळी दहाला तिच्या दारात. दुपारी तीनपर्यंत बसल्या. ती बिचारी नवऱ्याला स्वयंपाकघरात कोंडून, सामानाच्या खोक्यांवर चादर टाकून, 'अजून बसा ना, इतक्यात कुठे निघालात' म्हणत राहिली. आणि बाई अजून बसत राहिल्या. घरी आल्यावर फुमिएला म्हणाल्या, "किती प्रेमळ बाई आहे. सोडतच नव्हती."

अशा माणसावर रागावता येत नाही. रागावता आले असते तर मी दुसऱ्याच गुरुवारी सुटलो असतो.

वर्गात आम्ही चौघे. मी सगळ्यात मोठा. दुसरा मारुकावा, चमच्यांना पॉलिश करणारा. हा माणूस दिवसभर मशीनपाशी बसून चमचे चकचकीत करतो आणि संध्याकाळी त्यांच्याइतकाच गप्प असतो. तो बाईंना चहासाठी सहा चमचे द्यायला आला होता. बाई म्हणाल्या, "बसा की." तो बसला. तिसऱ्या इताकुरावहिनी, औषधाच्या दुकानदाराच्या विधवा. त्या नातवाला सोडायला यायच्या. नातू मोठा होऊन तोक्योला शिकायला गेला, वहिनी इथेच राहिल्या. चौथा हातानो, नगरपालिकेतला पोरगा, म्हणजे आमच्या मानाने पोरगा, चाळिशीला आलाय. तो रस्त्यावरच्या बंद दुकानांची नोंद करायला जिना चढला होता. बाईंनी विचारले, "इंग्रजीची आवड आहे का?" आता अनोळखी बाईला तोंडावर नाही कोण म्हणेल? तो म्हणाला, "आहे थोडीशी." त्याला सात वर्षे झाली.

तास कसा चालायचा ते सांगतो. रॉकेलच्या शेगडीवर किटली ठेवलेली. टेबलाभोवती आम्ही. तासाला फक्त इंग्रजी, असा बाईंचा नियम. त्या इंग्रजीत विचारायच्या, "मागच्या रविवारी तुम्ही काय केलंत?" मग सगळे टेबलाकडे बघायचे. सगळ्यांआधी तोंड उघडणे बरे दिसत नाही, म्हणून कोणीच उघडायचे नाही. किटली बोलायची तेवढीच. शेवटी वयाने मोठा म्हणून माझ्याकडे सगळ्यांच्या नजरा यायच्या. मी म्हणायचो, "मी केस कापायला गेलो."

"छान! आणि इताकुरा-सान?"

"सुगिमोरी-सानांसारखंच. मी केस कापायला गेले."

"हातानो-सान?"

"मी पण केस कापायला गेलो."

मारुकावाच्या डोक्यावर एक केस नाही. तोही केस कापून आलेला असायचा. अशी एकोणीस वर्षे मी जे जेवलो ते सगळे जेवले, मला जी सर्दी झाली ती सगळ्यांना झाली, आणि फुमिए माहेरी गेली त्या आठवड्यात वहिनींचीही बायको माहेरी गेली.

आम्ही सुटायचा प्रयत्न केला नाही असे नाही. पण आमच्यात असे कोणी उठून 'मला यायचे नाही' म्हणत नाही. कोणाचाच दोष नसेल असे कारण शोधावे लागते. समोरचा ते कारण ऐकून 'अरेरे' म्हणतो, दोघे वाकतात, आणि विषय संपतो. हे सगळ्या गावाला माहीत आहे.

पहिल्यांदा वहिनींनी गुडघा काढला. शिक्षिकेला सेन्सेई म्हणायचे, तसे बाईंना म्हणाल्या, "सेन्सेई, जिना चढवत नाही हो आता. फार वाईट वाटतंय, पण..." बाईंनी 'अरेरे' म्हटले, आणि पुढच्या गुरुवारी अख्खा वर्ग उचलून माझ्या दुकानात आणला. फळासुद्धा. सहा महिने आम्ही शिक्क्यांच्या कपाटांमध्ये गुडघ्याला गुडघा लावून केस कापून आल्याचे सांगत होतो, आणि दारातून गिऱ्हाईक आत डोकावून परत जात होते. शेवटी मीच वहिनींना बाजूला घेऊन म्हणालो, "वहिनी, गुडघा बरा करा." तो आठवड्यात बरा झाला.

मग मारुकावाने कारखान्यात संध्याकाळचे काम वाढल्याचे सांगितले. बाईंनी वर्ग रविवारी सकाळी सातला नेला. आठ रविवार गेले. मारुकावाचे काम एकाएकी कमी झाले.

मला वाटले, हे दोघे कच्चे आहेत. मी म्हणालो, "सेन्सेई, माझे कान गेले. काही ऐकू येत नाही." बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या हिवाळाभर त्या माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या आणि प्रत्येक वाक्य माझ्या उजव्या कानात ओरडून सांगत राहिल्या. खाली फुमिएला ऐकू जायचे. मी घरी आलो की तीही ओरडून विचारायची, "जेवायला वाढू का?" वसंत ऋतूत मी कान बरे झाल्याचे जाहीर केले. तोवर उजवा खरोखरच थोडा गेला होता.

त्यानंतर कोणी कारण काढले नाही.

गेल्या शरद ऋतूत फुमिए आणि बाई आमच्या मागच्या ओट्यावर तुरट पर्सिमनची फळे सोलत बसल्या होत्या. सोलून दोरीला टांगून वाळवतात ती. फुमिए आत आली तेव्हा तिच्या हातात सुरी तशीच होती.

"वरच्या बाईंना परत ॲडलेडला जायचंय," ती म्हणाली.

"का?"

"त्या मॉरीनचं पत्र आलंय. एक्याऐंशी वर्षांची झालीय ती. म्हणते, रोपवाटिका तू सांभाळ, तुझी खोली अजून तशीच आहे. जानेवारीअखेर हो की नाही कळव. नाहीतर जागा बिल्डरला देऊन टाकते, मला आता झेपत नाही. बाई पत्र वाचताना रडत होत्या. मला म्हणाल्या, मला रोज सकाळी उठल्यावर त्या मातीचा वास आठवतो."

"मग जाऊ देत की."

"कशा जातील?" फुमिएने सुरी खाली ठेवली. "तुमच्यासाठी अडकल्यात. म्हणाल्या, चौघांना इंग्रजीची इतकी तळमळ आहे. मी त्यांच्यासाठी जागा बदलली, वेळ बदलली, तरी येत राहिले, एक गुरुवार चुकवला नाही. कान गेले तरी सुगिमोरी-सान यायचे थांबले नाहीत. अशा माणसांना मधेच टाकून मी कशी जाऊ?"

एवढे बोलून ती हसायला लागली. हसता हसता तिला दाराची चौकट धरून खाली बसावे लागले. मला काही हसू आले नाही. मी दुकानात जाऊन बसलो. सरकारी कागदांवर हल्ली शिक्का लागत नाही, त्यामुळे दुकानात बसायला मला भरपूर वेळ असतो. बसून बसून मला इतकेच कळले की त्रेसष्ट वर्षांची एक बाई आमच्या चौघांच्या खोट्या बोलण्यावर विश्वास ठेवून आपले आयुष्य घालवून बसणार आहे. मला स्वतःची लाज वाटली.

मी तिघांना नूडल्सच्या दुकानात बोलावले. आमच्याकडच्या नूडल्सवर डुकराच्या चरबीचा थर असतो, पोट भरले की माणूस जरा खरे बोलतो, असा माझा हिशोब होता.

"बाईंना परत ॲडलेडला जायचंय म्हणे," मी म्हणालो.

"अस्सं," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे आपलं शिकणं थांबणार."

"वाईटच की," हातानो म्हणाला आणि आळीपाळीने सगळ्यांची तोंडे बघू लागला.

"तुमची सगळ्यांची शिकायची इच्छा असेल तर माझी काही ना नाही," वहिनी म्हणाल्या.

"माझंही तसं काही नाही. सगळ्यांचं असेल ते माझं," हातानो म्हणाला.

"माझंही," मी म्हणालो.

मारुकावा खात होता. वाडगा रिकामा करून त्याने तोंड पुसले. "मला वाटलं, सुगिमोरी-सान, तुम्हाला आवडतं."

"मला? मला वाटलं तुला आवडतं."

"मी तर सुगिमोरी-सानांना वाईट वाटेल म्हणून येत होते," वहिनी म्हणाल्या.

 'मला शिकायचे नाही' हे शब्द कोणाच्याच तोंडातून निघाले नाहीत, पण चहा येईपर्यंत चौघांचे चौघांना कळले होते. हातानोने तर सात वर्षांचा हिशोब मनातल्या मनात करून कपाळ धरले.

आता सांगणार कोण आणि कसे? बाईंना खरे सांगायचे म्हणजे एकोणीस वर्षे आम्ही तुमचे मन राखत होतो, असे सांगायचे. आईची सेवा आणि हा वर्ग, एवढेच दोन अभिमान त्या बाईपाशी होते. त्यातला एक काढून घ्यायचा आणि वर म्हणायचे, जा आता सुखाने. ते आमच्याने होईना. शेवटी असे ठरले की बाईंना सुचवायचे: आम्ही आता तयार झालो, तुमचे काम पूर्ण झाले. यात कोणाचाच दोष नव्हता. सुचवायचे अर्थात मी.

जानेवारीच्या दुसऱ्या गुरुवारी तास संपल्यावर मी उभा राहिलो. "सेन्सेई, तुमच्या कृपेने आमचं इंग्रजी आता इतकं चांगलं झालंय की शिकण्यासारखं काही उरलं नाही."

तिघांनी माना डोलावल्या. बाई आमच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. मला वाटले, सुटलो.

"मलाही तसंच वाटत होतं," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही स्वतःहून म्हणायची वाट बघत होते. पुढच्या गुरुवारपासून प्रगत वर्ग. गुरुवारी बसूच, आणि मंगळवारीही बसू. माझं एका बाबतीत काही ठरत नव्हतं, सुगिमोरी-सान. तुम्ही ते आज ठरवून टाकलंत."

त्या संध्याकाळी त्यांनी फुमिएला सांगितले की पुढच्या शुक्रवारी त्या मॉरीनला नकाराचे पत्र टाकणार. प्रगत वर्गाचा पहिला तास झाला की लगेच.

फुमिएने माझ्याकडे नुसते पाहिले. "शाबास," ती म्हणाली. "आधी एकच दिवस होता. आता दोन झाले."

तो गुरुवार उजाडला तो बर्फ घेऊनच. आम्ही बूट झटकून वर गेलो. टेबलाखाली चौघांचे पाय हलत होते. आज काहीतरी करायचे, एवढे सगळ्यांच्या मनात होते. काय करायचे, ते कोणाच्याच नव्हते.

बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहिले: नकार देणे.

"प्रगत वर्गाचा पहिला धडा," त्या म्हणाल्या. अर्थात इंग्रजीत. आमचे इंग्रजी मी इथे आपल्या भाषेत सांगतो, लंगडेपणा मात्र तसाच ठेवतो. "ॲडलेडला गेले तेव्हा मला कोणालाच नाही म्हणता येत नसे. एका रविवारी मी तिघांकडे जेवले आणि आजारी पडले. मॉरीनने मला शिकवलं की नाही म्हणायला कारण लागत नाही. नुसतं नाही म्हणायचं. आज तुम्ही मला नाही म्हणा. कारण द्यायचं नाही. मारुकावा-सान, माझ्याबरोबर मासे धरायला येता का?"

सगळे टेबलाकडे बघू लागले. पण नाव मारुकावाचे होते, त्यामुळे माझ्याकडे बघून उपयोग नव्हता. मारुकावाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. पॉलिशच्या काळ्या रेघा बोटांत कायमच्या बसलेल्या.

"नाही," तो म्हणाला. "मला मासे नको."

"सुंदर!"

"इंग्रजी पण नको." तो थांबला. शब्द गोळा केले. "मला इंग्रजी नको. आधी पण नको. मी चमचे द्यायला आलो."

 आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"ऐकलंत सगळ्यांनी? किती स्पष्ट! आवाज नाही चढवला, माफी नाही मागितली. इताकुरा-सान, आता तुम्ही."

आमच्या गावात कोणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवणाऱ्या या बाई आज पहिल्यांदा खरे ऐकत होत्या आणि त्याला खेळ समजत होत्या.

वहिनींनी पदर नसताना पदर सावरल्यासारखे केले. "मला पण नको. माझा गुडघा चांगला. गुडघा नेहमी चांगला."

"वा. फक्त कारण द्यायचं नाही. हातानो-सान?"

"मारुकावा-सानांसारखंच. मला नको. मी बंद दुकाने मोजायला आलो."

बाईंच्या गालांवर लाली चढली होती. त्या माझ्याकडे वळल्या. मी त्यांना एकोणीस वर्षांत इतके आनंदात पाहिले नव्हते. त्यांच्या वर्गात माणसे पहिल्यांदाच स्वतःचे काही बोलत होती. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. क्षणभर वाटले, मासे नकोत म्हणावे आणि खाली बसावे. उद्या शुक्रवार होता.

"सेन्सेई," मी म्हणालो. "हा धडा नाही. हे खरे. तिघे खरे बोलतात."

"सुगिमोरी-सान, तुम्ही नाही म्हणायचं..."

"नाही. मी नाही म्हणतो. मंगळवार नाही. गुरुवार नाही. तुम्ही पहिल्या दिवशी आल्या, मी गोड बोललो. गोड बोलणे खोटे. माझे कान चांगले. तुम्ही थांबू नका. मॉरीन बोलावते. तुम्ही जा. माती... माती आठवते तुम्हाला. जा."

बाईंच्या हातातला खडू खाली गेला. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. कोणीही टेबलाकडे बघत नव्हते. मग, आमच्या ओळखीत पहिल्यांदाच, तास चालू असताना त्या आपल्या भाषेत बोलल्या.

"गुडघा चांगला होता?"

"हो, सेन्सेई," वहिनी म्हणाल्या.

"सहा महिने मी फळा पाठीवर घेऊन जिना उतरत होते."

"हो. फार वाईट वाटायचं मला."

"आणि तुमच्या कानात मी हिवाळाभर ओरडत होते, सुगिमोरी-सान."

"हो."

"मला घशाचा डॉक्टर करावा लागला."

 बाई खुर्चीत बसल्या. आता रडतात, असे वाटून हातानोने खिशातून रुमालही काढला. पण त्या रडल्या नाहीत. त्या आमच्यावर भडकल्या.

"मग मीही सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्ही चौघं म्हणजे जगातले सगळ्यात कंटाळवाणे विद्यार्थी आहात. हे केस कापायला गेले की सगळे केस कापायला गेले. मारुकावा-सान, तुम्हाला केस आहेत का? बुधवारीच मला जांभया यायच्या, उद्या पुन्हा तेच ऐकायचं म्हणून. दहाव्या वर्षीच बंद करणार होते मी. पण तुम्ही इतक्या ओढीने येता, कोणत्या तोंडाने सांगू, असं वाटायचं मला. मला वाटायचं, यांना दुसरं आहे काय."

 मग एक विचित्र आवाज आला. मारुकावा हसत होता. त्याला हसताना आम्ही कोणी पाहिलेच नव्हते, त्यामुळे आधी वाटले त्याला ठसका लागला. मग वहिनी हसल्या, मग बाई, आणि त्यानंतर जे सुरू झाले ते आठ वाजेपर्यंत थांबले नाही. एकदा खरे बोलायची चटक लागली की आवरत नाही. हातानो म्हणाला, सात वर्षे वहिनींचे लोणचे तो घरी नेऊन शेजाऱ्याला देतोय. वहिनी म्हणाल्या, "मीही सांगते, सुगिमोरी-सान, तुम्ही कोरून दिलेला माझ्या नावाचा शिक्का वाकडा आहे. अकरा वर्षं वापरतेय." हे मात्र मला लागले. तो वाकडा नाही, त्या धरतात वाकडा. पण एकूण त्या एका संध्याकाळी मला त्या माणसांबद्दल जेवढे कळले तेवढे नऊशे गुरुवारांत कळले नव्हते.

शुक्रवारी बाईंनी पत्र टाकले. होकाराचे.

मार्चमध्ये त्या निघाल्या. वरची खोली रिकामी केली, फळा नगरपालिकेच्या वाचनालयाला दिला, रोपांच्या कुंड्या फुमिएला दिल्या आणि प्रत्येकीला किती पाणी घालायचे ते लिहून दिले. त्या आठवड्यांत माझे मला कळेना की मी इतका चिडचिडा का झालोय. मला इंग्रजी नको होते हे शंभर टक्के खरे. पण साडेपाचला जिन्यावर त्यांची पावले वाजणार नाहीत, हे काही मी धरून चाललो नव्हतो. बाहत्तराव्या वर्षी माणसाला नवीन माणूस कुठे मिळतो? दोन शिक्के मी खरेच वाकडे कोरले.

निईगाताच्या विमानतळाला जाणारी बस हमरस्त्यावरून सुटते. वितळलेल्या बर्फाच्या चिखलात आम्ही चौघे आणि फुमिए उभे होतो. मारुकावाने बॅगा बसच्या पोटात ठेवल्या. बाईंनी सगळ्यांसमोर वाकून निरोप घेतला, पायरीवर एक पाय ठेवला, आणि परत उतरून माझ्यासमोर आल्या.

"सुगिमोरी-सान, एक विचारू? त्या दिवसासारखं अगदी खरं सांगा. मी गेल्यावर तुम्हाला चुकल्यासारखं होईल का? म्हणजे वर्ग नाही, मी. तसं असेल तर सांगा. मॉरीनला फोन करते. अजून वेळ गेलेली नाही."

त्यांच्या हातात फोन होता. मी 'हो' म्हणालो असतो तर त्यांनी तिथल्या तिथे बॅगा उतरवल्या असत्या. यात मला तिळमात्र शंका नाही. मी त्यांना एकोणीस वर्षे ओळखत होतो. बाकीचे तिघे माझ्याकडे बघत होते.

"छे हो," मी म्हणालो. "उलट बरंच झालं. गुरुवारची संध्याकाळ मोकळी मिळाली. डोंगराखालच्या गरम कुंडावर जाऊन निवांत पडेन म्हणतो."

बाईंनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिले. त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"खरंच?"

"खरंच."

"मग मी निश्चिंत जाते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला. बसमध्ये चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि वळणापर्यंत हसत हात हलवत राहिल्या.

बस दिसेनाशी झाली तरी कोणी हलेना. फुमिएने तिचा रुमाल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पुसा आता. दुकान उघडायचंय."